आंबलेल्या भाजीचा डबा

प्लास्टिकच्या डब्याचं झाकण मधोमध किंचित फुगलं होतं. वनमालानं ते अंगठ्यानं उचकटलं. आतली वांग्याची भाजी आंबली होती.

तिचं काम दोन वाजता संपायचं. आज परतवाड्याचे पाहुणे जेवायला होते, म्हणून पाच वाजले. जास्तीच्या तासांबद्दल मालकीण अश्लेषावहिनी सहा वर्षं असाच डबा हातावर ठेवत आल्या होत्या. काम सुटेल या धास्तीनं वनमाला तो मुकाट्यानं नेई.

"कालचीच आहे गं. पोरांना होईल."

"पाहुण्यायले काहून नाई वाढली मंग?"

"घरच्या माणसानं असं बोलावं का?"

वनमालानं डबा ओट्यावर ठेवला.

"घरची नाई वैनी, मी कामाची बाई आहो. उद्यापासून दोनच्या वर थांबवलं, तं तासाचे पैसे घीन. नाई जमलं तं दुसरी पाहा."