शेजारचा ब्रेक

दादाचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला आणि त्याचं खापर त्याने माझ्यावर फोडलं. गाडी चालवताना फोनवर बोलताना तो तिसऱ्यांदा सापडला होता. पण फोन मी केला होता ना!

निलंबनाचं पत्र मीच मोठ्याने वाचून दाखवलं. या काळात गाडी चालवताना पकडलं, तर परवाना तीन वर्षांसाठी रद्द, दंड, कैद, गाडी जप्त. वर आमच्या ड्रायव्हिंग स्कूलची मान्यताही जाणार. वहिनी दारातच थबकली. दादाने पत्राची घडी घातली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.

"परवाना निलंबित झालाय, माझे पाय नाही," तो म्हणाला.

आमच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही क्लच आणि ब्रेक आहे. शिकणारा गडबडला की शेजारी बसलेल्या शिक्षकाने पाय मारायचा. कायद्याच्या लेखी गाडी त्याच्याच ताब्यात. दादा स्वतः हे पहिल्या दिवशी सगळ्यांकडून घोकून घ्यायचा. आता मात्र त्याने पळवाट काढली. शेजारी तो बसणार, मागे मी.

"तुझा परवाना गाडीत आहे ना? मग झालं तर."

"मागच्या सीटवर परवाना काय अंडी उबवणार आहे?"

"बारक्या, लोक माझ्या नावावर येतात. तुझ्या नावावर कुत्रं फिरकत नाही."

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. गाडी माझ्या नावावर, शिकवायची परवानगी मलाही, आणि मी शेपूट घालून अठरा दिवस मागे बसलो.

एकोणिसाव्या दिवशी शिंपीणबाई चालवत होत्या. शिलाई मशीनवर तीस वर्षं काढलेल्या बाई, पाय एकदा दाबला की उचलायचं नाव नाही. चौकात सिग्नल बदलला, त्या दचकल्या आणि ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय दिला. समोर पांढऱ्या पट्ट्यांवर एक म्हातारा, हातात औषधांची पिशवी. मी मागून नुसता ओरडलो. दादाचा पाय तोवर ब्रेकवर पडलासुद्धा होता. गाडी म्हाताऱ्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

आम्ही तिघंही खाली उतरलो. चौकातला वाहतूक पोलीस पोहोचायच्या आत दादाने माझं मनगट पिरगाळलं. "पुढे तू होतास. ब्रेक तू मारलास. बाई, तुम्हीही हेच सांगा."

शिंपीणबाईंनी मान हलवली. मीही हलवली. म्हटलं, स्कूल वाचू दे, मग बघतो याच्याकडे.

पोलिसाने बाईंचा शिकाऊ परवाना पाहिला, माझा पाहिला. म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "पोरा, तुझ्यामुळे वाचलो रे."

"इतक्या चटकन ब्रेक मारणं सोपं नाही," पोलीसही म्हणाला. "चांगला शिक्षक आहेस."

प्रकरण तिथेच मिटत होतं. पोलीस माझा परवाना परत देत होता. दादाला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि तेवढंच त्याला उभ्या जन्मात कधी जमलेलं नाही.

"चांगला शिक्षक? हा?" दादा फिस्सकन हसला. "याच्या पायाला तेवढी अक्कल असती तर काय हवं होतं! बाबा, हा पुढे असता तर तुम्ही आत्ता चाकाखाली असता."

पोलिसाचा हात थांबला. "म्हणजे पुढे कोण होतं?"

दादाने जीभ चावली. त्याने माझ्याकडे पाहिलं. अजूनही सावरता आलं असतं. 'थट्टेची सवय आहे त्याला, साहेब' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. पण म्हाताऱ्याने माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हाच होता," मी म्हणालो. "याचा परवाना निलंबित आहे, साहेब. रोज हाच बसतो पुढे."

मी खरं बोललो ते खऱ्याची चाड होती म्हणून नाही. राग आला म्हणून बोललो.

दादाचा परवाना तीन वर्षांसाठी रद्द आणि वर पंधरा दिवसांची कैद. माहीत असून गाडी त्याच्या ताब्यात दिली म्हणून दंड मला. स्कूलला कुलूप. वहिनीने माझ्याशी बोलणं टाकलं. दादा सुटून आल्यावर एकदाच बोलला, "आता बस पुढे."

मी दुसऱ्या स्कूलमध्ये नोकरी धरली. शिंपीणबाईंना फोन केला. म्हटलं, तुमचे राहिलेले धडे मी शिकवतो, फुकट.

"नको, मी थांबेन," त्या म्हणाल्या.

"कशासाठी?"

"तुमच्या दादांसाठी. तीन वर्षं तर तीन वर्षं. माझ्या हातून माणूस मेला असता त्या दिवशी." मग त्यांनी विचारलं, "खरं सांगा, तुम्हाला जमलं असतं?"

मी फोन ठेवून दिला.