पाचव्या सुराचा कप

हे तुम्हाला पटणार नाही, आधीच सांगून ठेवतो. आजवर ज्याला सांगितलं त्यानं कपाळाला हात लावला. तुम्हीही लावा, पण गोष्ट संपल्यावर.

चिनी मातीच्या कपांचा एक कारखाना होता. भट्टीतून निघालेला कप पेटीत जाण्याआधी एका बाईच्या टेबलावरून जायचा. ती लाकडी दांडीनं त्याला हलकासा टोला द्यायची. 'टण्ण' वाजला तर कप धड. 'ठस्स' वाजला तर आत कुठेतरी चीर, मग ती डोळ्यांना दिसो न दिसो. धड कप डावीकडच्या ट्रेमध्ये, तडकलेला उजवीकडच्या पिंपात, आणि पिंपात पडला की त्याचे तुकडे. सगळे तिला टोलाबाई म्हणत. वय सत्तेचाळीस, नोकरी तेवीस वर्षं, दिवसाला तीन हजार कप. गुणाकार तुम्हीच करा, मला धाप लागते.

एवढे टोले खाल्ल्यावर कानांचं काय होणार? घरी आल्यावर तिला आवाज म्हणून सोसत नसे. नवरा आंघोळीला गुणगुणला की दारावर थाप. लेकीनं गाणं लावलं की, "बंद कर गं, कान शिणलेत माझे." पण शिणलेले कान मिटत थोडेच? नणंदेनं नव्या ताटल्या कौतुकानं मांडून दाखवल्या, तर टोलाबाईनं चमच्यानं वाजवून त्यातल्या चार बाजूला काढल्या.

"वन्सं, या फुटणार."

नणंदेनं बोलणं टाकलं. आठवड्याच्या आत चारही फुटल्या, तेव्हा तर कायमचंच टाकलं.

ही बाई मुलगी असताना गायची, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. शाळेतल्या गाण्याच्या बाई तिला पहिल्या रांगेत उभं करायच्या. पुढे कुणी बंदी घातली नाही, कुणी टोमणा मारला नाही. नोकरी लागली, कान दमायला लागले, आणि गाणं कधी हातून सुटलं ते तिलाही कळलं नाही. जुनी छत्री कुठे विसरली, हे आपल्याला आठवतं का? तसंच.

तर एका मंगळवारी, दुपारचे तीन वाजलेले. भट्टीची धग पाठीवर, पापण्या जड, मन ठिकाणावर नाही, हात आपला आपण चाललेला. टण्ण, टण्ण, टण्ण, टण्ण. आणि हात थांबला.

त्या चार कपांनी एका गाण्याची सुरुवात वाजवली होती. गाण्याच्या बाईंनी शिकवलेल्या गाण्याची. एकाच साच्यातले कप, पण कुणाची माती सूतभर जाड, कुणाची पातळ. तेवढ्यानं सूर वरखाली होतो. तिनं पुन्हा वाजवले. तेच! पाचवा सूर खाली उतरायला हवा होता. तिनं पाचवा कप वाजवला. नाही. सहावा, सातवा, अख्खा ट्रे. नाहीच.

तेवीस वर्षांत पहिल्यांदा टोलाबाई पुढचा ट्रे कधी येतो म्हणून मान उंचावून बघायला लागली.

ते चार कप तिनं टेबलाच्या कोपऱ्यात लपवले आणि पाचव्याच्या मागे लागली. घरी आली तरी डोक्यात तेच. त्या आठवड्यात नवरा मोरीत गुणगुणला, तर थाप पडली नाही. तोच बिचारा घाबरून ओल्या अंगानं बाहेर आला.

"काय झालं? बरं नाही का तुला?"

"अहो, ते गाणं पुढे म्हणा की."

"पुढचं येत नाही मला."

"एवढी वर्षं म्हणताय, आणि पुढचं येत नाही?"

"तू पुढे जाऊ दिलंस कधी?"

लेक हसून लोळायची बाकी राहिली. टोलाबाईही हसली, पण जरा ओशाळून. अंग रोजच्यासारखंच मोडून आलेलं, पाय सुजलेले, पाठीत कळ. फक्त कान तेवढे दमले नव्हते. त्या दिवशी जेवताना तिनं रेडिओ लावायला सांगितला, आणि घास हातात धरून ऐकत बसली.

पण झालं काय, पाचव्या सुराच्या नादात तडकलेले कप डावीकडे जायला लागले. तिला सूर ऐकू यायचा, चीर नाही. दोन आठवड्यांत पेट्या परत आल्या. मुकादम टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"बाई, कपांतून चहा गळतोय. एका गिऱ्हाइकाच्या मांडीवर सांडला. तो चटका दाखवायला इथवर आला होता!"

"चुकलं माझं."

"तुमचा कान गेला म्हणायचं का?"

"कान गेला नाही हो," ती पुटपुटली. "आलाय."

मुकादमाला ते कळलं नाही, तेच बरं. "शनिवारी मी शेजारी उभा राहणार. त्या दिवशी जरा जरी घोळ झाला, तर सोमवारपासून पॅकिंगला."

पॅकिंग म्हणजे कागद, पेंढा, पुठ्ठे. आवाज म्हणून नाही. महिन्यापूर्वी असं कुणी म्हणालं असतं, तर तिनं त्याचे पाय धरले असते. आता तिला तिथं जायचं नव्हतं. सगळे कप एकदा तरी वाजतात, असं त्या आवारात हे एकच टेबल होतं.

शनिवारी मुकादम खांद्याला खांदा लावून उभा. सबंध दिवस तिनं एकही चूक केली नाही. मान आखडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि शेवटच्या ट्रेमधला तिसरा कप वाजला.

पाचवा सूर! बरोबर तोच, बरोबर तेवढाच उतरलेला. त्याच्या शेपटाला अगदी बारीक खरखर. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की चिरेमुळेच सूर खाली आलाय. धड कपातून तो कधीच निघणार नव्हता.

"काय आहे?" मुकादम म्हणाला.

डावीकडे ठेवावा, तर टेबल जाणार. उजवीकडे टाकावा, तर सूर जाणार. तिनं कप मधल्या मध्ये धरून ठेवला.

आणि मंडळी, टोलाबाईनं तोंड उघडलं! चार सूर गायली, पाचवा लावला, तो असा लावला की भट्टीवरची माणसं फावडी टाकून धावत आली. हातातला कप गरम झाला, चीर खालून वर बुजत गेली, बुजत गेली, आणि कप सोन्यासारखा लखलखीत! मुकादमानं तोंडात बोट घातलं, आणि तिचं टेबल जन्मभरासाठी तिच्या नावावर करून...

"खोटं!" गोष्ट ऐकणाऱ्यांत मागे बसलेली एक बाई उभी राहिली. त्याच कारखान्यात पॅकिंगमध्ये कामाला होती ती. "चीर कधी बुजते का हो, आजोबा? मी समोर होते. गाणं नाही की बिणं नाही. तिनं तो कप गुपचूप स्वतःच्या पिशवीत घातला, मुकादमाच्या डोळ्यांदेखत. सोमवारी आली आमच्यात. आता माझ्या शेजारी बसून कागद गुंडाळते, आणि गाते ती तिथे. सकाळपासून सुटी होईपर्यंत. आमचे कान किटले, पण तिला गप्प बस म्हणायची छाती होत नाही कुणाची."