गोल टेबलावरची टकटक

रविवारची प्रार्थना आटोपून वाल्ट्राउड केसलर ‘सोनेरी बोकड’ खाणावळीत शिरली, तेव्हा मालकीण रोझवीटा भिंतीवरच्या तसबिरी उतरवत होती. खाणावळीचा आज शेवटचा दिवस. मुलं म्युनिकला आणि रोझवीटाचे गुडघे गेलेले. चालवणार कोण?

“गुंडाळलंस का गं सगळं?”

“बटाट्याचे गोळे शिल्लक आहेत, वाल्ट्राउडबाई. बसा तुमच्या जागेवर.”

तिची जागा म्हणजे खिडकीजवळचं डुगडुगतं टेबल. शेगडीलगतचं मोठं गोल टेबल गावातल्या कर्त्या पुरुषांचं. तिथे दुसऱ्या कुणी बसायचं नाही. येणाऱ्याने बोटांच्या पेरांनी टेबलावर दोनदा टकटक करायची, बसलेल्यांनी उलट टकटक केली की तो आपल्यातला. पंचायतीची सभा नावाला. खरे निर्णय इथेच, बिअरच्या घोटाबरोबर व्हायचे.

अठ्ठ्याहत्तर साली वाल्ट्राउड सरपंच झाली. पंचक्रोशीत तोवर बाई सरपंच कुणी पाहिली नव्हती. पहिल्याच रविवारी ती नवा निळा कोट घालून ऐटीत गोल टेबलाशी गेली आणि टकटक केली. सगळ्यांनी आपापल्या मगात डोकी घातली. तिच्याच वर्गात शिकलेला आलोइस ग्राम्लिख तेवढा बोलला.

“वाट चुकलीस, वाल्ट्राउड. स्वयंपाकघर तिकडे!”

हशा पिकला. ती खिडकीजवळ जाऊन बसली आणि तिने आपला बिअरचा मग पूर्ण रिकामा केला. तशीच उठून गेली असती, तर त्या दारातून पुन्हा कधी आत आली नसती.

पुढच्या रविवारी ती तिथेच बसली. मग दबकत दबकत पोस्टमनची विधवा आली, तिची पेन्शन अडकली होती. मग शाळेतली बाई आली, मग सुताराची सून कडेवर पोर घेऊन. गावाची बालवाडी त्या डुगडुगत्या टेबलावर ठरली. “पोरं आयांनी सांभाळावीत,” म्हणत आलोइसने सभेत विरोधात हात वर केला. पुढे त्याचीच नातवंडं तिथे गाणी शिकली, हा भाग वेगळा. काय दिवस होते ते! टेबल इतकं भरायचं की दोघी-तिघी खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसायच्या, आणि गोल टेबलावरचे बाप्ये कान टवकारून ऐकायचे. आता त्यातल्या बहुतेक जणी चर्चमागच्या मातीत होत्या. आज त्या हव्या होत्या, अगदी भांडायला तरी.

तीनदा निवडून आली, सत्कार झाले, रस्त्याला नाव द्यायचंही निघालं. पण त्या टकटकीला उत्तर मिळालं नव्हतं, आणि हा काटा काही निघाला नव्हता. आज शेवटची संधी, म्हणून पुन्हा टकटक करायचीच असं ती घरून ठरवून आली होती.

गोल टेबलावर आलोइस एकटाच बसला होता, भोवती रिकाम्या खुर्च्या. वाल्ट्राउड त्याच्याजवळ थबकली, पण तिचा हात उचलेना. त्याने पुन्हा मगात डोकं घातलं तर? आता पुढचा रविवार नव्हता. ती खिडकीजवळ जाऊन बसली.

रोझवीटाने ताट आणि बिअरचा मग आणून ठेवला. वाल्ट्राउडने गोळ्याचा एक तुकडा तोडला, तो तोंडातच फिरत राहिला. मागे खुर्ची सरकली, काठी वाजली. एका हातात मग, दुसऱ्यात काठी, असा आलोइस डुलत डुलत तिच्यासमोर येऊन उभा राहिला. काठी त्याने काखेत धरली आणि डुगडुगत्या टेबलावर दोनदा टकटक केली.

वाल्ट्राउडने मगात डोकं घातलं.

“पाय दुखतात गं, वाल्ट्राउड.”

“या टेबलावर बसायचं तर बालवाडीच्या बाजूने मत द्यावं लागतं.”

“दिलं, बाई. घे.”

“असं नाही. हात वर करून.”

रोझवीटा तसबीर हातात घेऊन बघतच राहिली. आलोइस जरा घुटमळला. मग त्याने आपली बिअर वाल्ट्राउडच्या ताटाशेजारी ठेवली आणि हात खांद्याच्या वर नेला, सभेत न्यायचा तसा.

वाल्ट्राउडने त्याला पुरतं बघून घेतलं. मग तिने बोटं मुडपली आणि टेबलावर दोनदा टकटक केली.