जिवाणी कुठं सोडायची

कारंजा गावात हीरालालजींच्या जैन घरात नळ होता, पण त्यांच्या पत्नी सूरजबाईंना प्यायला परसातल्या विहिरीचंच पाणी लागे. पाणी दुहेरी कापडातून गाळायचं. कापडात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव म्हणजे जिवाणी. ती धुऊन त्याच विहिरीत परत सोडायची. वरून ओतली तर जीव आपटून मरतील, म्हणून बुडाला कडी असलेली बादली पाण्याला टेकवून अलगद उलटायची. इतक्या जपणुकीनं त्या घरात हीरालालजींना कधी कोणी झोपेतून उठवलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात विहिरीचा काठ खचला. ट्रकवाला फय्याज म्हणाला, "शेठ, वणीकडं कोळशाच्या खाणीवर काळ्या दगडाचे डोंगर पडून हायेत. फुकट."

विहीर राखणं म्हणजे पुण्याचं काम, त्यात दगड फुकट. हीरालालजींना विचार करायला जागाच उरली नाही. तो दगड काठामागे भरला गेला.

पावसाळा सरला आणि पाण्यातून विहिरीचा तळ दिसू लागला. शेजारी कौतुकानं डोकावून गेले.

"पाह्य, कसं काचेसारखं झालं!" हीरालालजी म्हणाले.

"बेडूक कुठी गेले?" सूरजबाईंनी विचारलं.

दिवाळीला नात त्रिशला आली. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिनं पाण्यात निळी कागदपट्टी बुडवली. पट्टी लाल झाली.

"आजी, हे पिऊ नको. त्या दगडात गंधक हाय. जमिनीच्या पोटात व्हता तवर गप व्हता. हवापाणी लागलं अन् तेजाब, म्हंजे आम्ल, सुटलं. संगं चुनखडी असती तर तिनं ते मारलं असतं थोडं."

"मंग आता टाकू चुना," हीरालालजी म्हणाले.

"टाका. पण दगड काढल्याबिगर पाणी पुन्हा आंबन."

"अन् माहे जीव?" सूरजबाई म्हणाल्या. त्रिशला पट्टी पुन्हा पाण्यात बुडवून पाहू लागली.

फय्याज दगड उपसायला आला तो मान खाली घालून. "चाची, मले काय मालूम व्हतं!"

"तुले कायले बोलू? फुकट म्हनल्यावर आमीच हरखलो. जिथून आनला तिथंच नेऊन टाक."

"तिथंबी लोकाइच्या विहिरी हायेत, चाची."

ट्रक भरून तसाच दारात उभा राहिला.

दुसऱ्या सकाळी त्यांनी नळाचं पाणी गाळलं, कापड धुतलं आणि कडीची बादली घेऊन सवयीनं विहिरीवर गेल्या. दोर अर्धा सोडला आणि हात थांबला. खाली पाणी अजून तसंच नितळ होतं. सोडावी तर जिवाणी मरणार, न सोडावी तर बादलीत सुकणार.

"चहा झाला का?" आतून हीरालालजींनी विचारलं.

दोर तसाच धरून त्या उभ्या होत्या.