वासाचे मार्क

अगं ऐक ना, आधी फक्त ऐक, मध्ये बोलू नकोस. आपली रचना माहितीये ना, डोंबिवलीची, कारखान्यांच्या पट्ट्यामागे राहते ती? तिचं काय झालं ते ऐक.

ती ठाण्याला खोपटमध्ये एका सर्व्हे एजन्सीत आहे, एसटी डेपोसमोरच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. काम काय, तर शहरांना मार्क द्यायचे. म्हणजे बाहेरचे पैसेवाले लोक असतात, त्यांना कुठेतरी मोठमोठी ऑफिसं टाकायची असतात, तर त्यांना सांगायचं, कुठलं शहर पैसा घालण्यासारखं आहे. शंभरपैकी मार्क. पाणी किती तास येतं, लाइट किती वेळा जाते, स्टेशन किती लांब, परवानगीला किती दिवस लागतात, सगळं मोजायचं. साठच्या वर गेलं की शहर यादीत, मग त्या लोकांना गाडीत बसवून दाखवायला नेणार. साठच्या खाली गेलं की विषय संपला, कोणी ढुंकून बघणार नाही.

आणि त्यात एक रकाना वासाचा. खरंच! काचेच्या बिल्डिंगमध्ये बसणारी माणसं वास आला की पळतात म्हणे, म्हणून त्याला वजन पण जास्त. ठरलेल्या पॉइंटवर जायचं, दोन मिनिटं उभं राहायचं, वास घ्यायचा आणि मोबाइलवर शून्य ते पाच आकडा टाकायचा. शून्य म्हणजे काहीच नाही, पाच म्हणजे नाकाला रुमाल. सेंट मारून जायचं नाही, मावा खाऊन जायचं नाही, टपरीजवळ उभं राहायचं नाही, सगळे नियम.

रचना सुपरवायझर. अजून कन्फर्म नाही हां, हा रिपोर्ट नीट गेला की जूनपासून कन्फर्म. तिच्या हाताखाली पाच पोरं, त्यातला एक विश्राम. देवगडकडचा, वर्षभरापूर्वी आलेला, आंबिवलीला बहिणीकडे राहतो. शांत पोरगा, ‘हो मॅडम, करतो मॅडम’ टाइप. डोंबिवलीच्या कारखान्यांकडचे चौदा पॉइंट त्याला दिलेले. आणि त्याने काय टाकलं, तर चौदाच्या चौदा ठिकाणी चार आणि पाच. एकदम पाच!

रचनाची सटकली. बोलली, "काय रे, घरी बसून भरलेस का? चौदा ठिकाणी सेम?"

"नाही मॅडम, गेलेलो मी. डोळेपण चुरचुरत होते."

"मी जन्मापासून राहते तिथे. चोवीस वर्षं. मला नाही कधी चुरचुरलं ते."

आता इथे त्याने गप्प बसायचं ना! पण तो इतका भोळा, की बोलला, "मॅडम, राग मानू नका, पण तोच वास आहे. तुमच्या ओढणीला येतो ना, तोच."

अख्ख्या ऑफिसने ऐकलं. मग मागच्या टेबलवरची ऐश्वर्या फिस्सकन हसली. रचना सांगते, कानापासून मानेपर्यंत तापली ती. कारण तू विचार कर, ठाण्याची ती सगळी पोरं, नौपाड्याची, घोडबंदरची, ह्यांच्यात डोंबिवलीवरून आधीच चिडवाचिडवी. आणि हा काल आलेला पोरगा सगळ्यांसमोर बोलतो, तुला वास येतो.

ती बोलली, "बॅकचेक मी करते."

बॅकचेक म्हणजे सुपरवायझरने त्यातल्या दोन-तीन ठिकाणी परत जाऊन स्वतः आकडा टाकायचा. दोनपेक्षा जास्त फरक आला की फॉर्म कट. तीन फॉर्म कट झाले की त्या पोराच्या नावापुढे ‘फेक’. आणि फेक म्हणजे नुसती नोकरी जात नाही गं. ह्या सगळ्या एजन्सींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तिथे नाव टाकतात. मग दुसरीकडे पण कोणी उभं करत नाही.

रचना गेली. तीन पॉइंट केले. आणि हे मी मुद्दाम सांगते, तिने खोटं नाही केलं तेव्हा. दोन दोन मिनिटं उभी राहिली, डोळे मिटून, छाती भरून श्वास घेतला. काही नाही. कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याच्या तेलाचा थोडा, तेवढाच. तिने टाकलं शून्य, शून्य, एक. तीन फॉर्म कट, विश्राम फेक. सुश्रुत सरांना मेल गेला. सुश्रुत सर म्हणजे बॉस, शांत माणूस, कधी आवाज चढवत नाही. त्यांनी विश्रामला बोलावलं, "हे बघ, मला वाईट वाटतंय, पण नियम नियमच आहे," एवढं बोलले आणि आयकार्ड काढून घेतलं. तो जाताना रचनाच्या टेबलापाशी थांबला. तिने स्क्रीनवरून मान वर केली नाही. आणि तिला बरं वाटत होतं गं! तिने स्वतः सांगितलं मला. बरं वाटत होतं.

मग उरलेले अकरा पॉइंट पुढच्या आठवड्यात तिनेच भरले. सगळे शून्य नाहीतर एक. कल्याण-डोंबिवलीचे मार्क झाले बासष्ट. यादीत! घरी पप्पांना सांगितलं, पप्पांनी अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं. खालचे काका विचारायला लागले, आमच्या गणूला त्या नव्या ऑफिसांत सिक्युरिटीत तरी लागेल का.

मग मे महिन्यात चुलत बहिणीचं लग्न, महाडजवळच्या गावात. फील्डचं काम संपलेलं, सुट्टी शिल्लक. खोपटवरूनच एसटी पकडली. आई-पप्पा लग्न लागल्यावर दुसऱ्या दिवशी परत आले, काकूने हिला ठेवून घेतलं. चांगले अकरा दिवस. सकाळी नदीवर, दुपारी फणस, संध्याकाळी ओट्यावर टाइमपास. आणि अकराव्या दिवशी परत. दुपारी कल्याणला उतरली, रिक्षा केली.

रिक्षा कारखान्यांच्या वळणावर आली आणि हिचा घसाच धरला. खोकला थांबेना. डोळ्यातून पाणी. अगं, सडलेल्या अंड्यांवर नेलपॉलिश ओतल्यासारखा वास, एवढा जाड, की तोंडात चव येत होती. तिला वाटलं कुठेतरी आग लागली. बोलली, "भाऊ, काय जळतंय का हो कुठे?"

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "ताई, नवीन वाटतं इकडे?"

नवीन! जिची शाळा त्या वळणावर, जिचा पहिला दात त्या गल्लीत पडला, ती नवीन!

घरी आली. आईने दार उघडून जवळ घेतलं, तर आईच्या केसांना तोच वास. पडद्यांना तोच. उशीला तोच. तिने कपाट उघडलं, ऑफिसची ती पिवळी ओढणी काढली आणि नाकाला लावली. आणि तिथेच खाली बसली. आई विचारते, "गाडी लागली का गं?" ही बोलते, "हो." आईला काय सांगणार? आई, आपल्याला वास येतो? त्या बिचारीने सकाळी धूप लावलेला, लेक येणार म्हणून.

रात्रभर तिला एकेक आठवत राहिलं. ती आली की कोणीतरी एसी असताना खिडकी उघडायचं ते. ऐश्वर्याने वाढदिवसाला सेंटची बाटली दिलेली ते. सगळ्यांना माहीत होतं, तिला सोडून. आणि तोंडावर खरं फक्त एकाने सांगितलेलं, त्याला तिने फेक केलं.

आणि गंमत काय, तिसऱ्या दिवशी वास गेला! म्हणजे वास तिथेच, नाकातून गेला. गॅलरीत उभी राहून ती हुंगत बसलेली, काही नाही. परत शून्य. तिला वाटायला लागलं, मला भास झाला का? आतल्या आत वाटत होतं, भासच असू दे. पण रिक्षावाला काही भास नव्हता ना.

रविवारी गेली आंबिवलीला. पत्ता विचारत विचारत. दार विश्रामच्या बहिणीने उघडलं, रंभाने. हिने नाव सांगितल्यावर ती बोलली, "तुम्हीच का त्या मॅडम?" बस, एवढंच. आणि आत जाऊन चहा ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

विश्राम भाजीच्या टेम्पोवर हमालीला जायला लागलेला. हाताला पट्टी. हिला बघून उलट तोच अवघडला, खुर्ची पुसून दिली. रचना बोलली, "तुझं बरोबर होतं. मला येतच नव्हता वास. मी गावी जाऊन आले, तेव्हा कळलं."

त्याने हाताची पट्टी नीट केली. मग बोलला, "मलापण आता कमी येतो, मॅडम. टेम्पो रोज तिकडूनच जातो ना." आणि मग, "नोकरीचं सोडा. ते नावापुढचं तेवढं काढायला सांगा. दोन ठिकाणी गेलेलो, दोघांनी मोबाइल बघितला आणि नाही बोलले. मी खोटं नाही भरलेलं."

"काढते," ती बोलली. "उद्याच."

आता इथून नीट ऐक. सोमवारी ती ऑफिसला लवकर गेली. खरं लिहायचं तर काय लिहायचं? की माझं नाक त्या वासाला मेलंय, मी भरलेले चौदाही आकडे चुकीचे, विश्रामचे सगळे परत टाका. दोन ओळींचं काम. पण तिने मेलच्या आधी एक्सेल उघडली. विश्रामचे चौदा टाकून बघितले, तर बासष्टचे झाले छप्पन्न. यादीतून बाहेर. मग त्याचे फक्त बॅकचेकमध्ये कट झालेले तीन टाकून बघितले, तर साठ पॉइंट सात.

साठ पॉइंट सात. कळलं ना तुला?

तिने सुश्रुत सरांना लिहिलं, की बॅकचेकच्या दिवशी मला खूप सर्दी होती, नाक बंद होतं, त्यामुळे विश्रामवर अन्याय झाला, त्याचे ते तीन फॉर्म बरोबर धरावेत.

सर्दी! एप्रिलच्या उन्हात सर्दी!

सरांनी बोलावून घेतलं. "चांगलं केलंस सांगितलंस. असं कबूल करायला हिंमत लागते." हिला वाटलं, जमीन फाटावी आणि आत जावं. मग ते बोलले, "पण बाकीचे अकरा तूच भरलेत ना? तेव्हा बरी होतीस?"

अगं, तिथे एक क्षण होता. दार बंद, दोघंच, माणूस चांगला. तिच्या ओठावर आलेलं. पण मग पुढचा प्रश्न येणार, की मग का नाही आला वास? आणि त्याचं उत्तर तिला स्वतःच्या तोंडाने द्यावं लागणार, ती ओढणी अंगावर घेऊन. आणि पप्पा, आणि खालचे काका, आणि जूनचं कन्फर्म लेटर, सगळं एकदम.

"हो सर," ती बोलली. "बरी होते."

विश्रामचं नाव त्याच दिवशी ग्रुपवर क्लिअर झालं. बुधवारी तो परत कामावर. पेढे घेऊन आला, रंभाने दिलेले. पहिला पेढा रचनाला. आणि विचारलं, "मॅडम, सर्दी बरी झाली का?"

टोमणा नव्हता गं. ती शपथ घेऊन सांगते, त्याच्या तोंडावर टोमणा नव्हता. सरांनी त्याला जे सांगितलं, तेच त्याने विचारलं. पण त्याला खरं माहीत होतं ना, तिनेच आंबिवलीला जाऊन सांगितलेलं! म्हणजे तो तिचं झाकत होता. सगळ्यांसमोर, ऐश्वर्यासमोर. तिने पेढा तोंडात टाकला आणि मान हलवली, बरी झाली.

शुक्रवारी रिपोर्ट छापायला जायचा. सरांनी शेवटचा नकाशा तिच्या टेबलावर ठेवला, सुपरवायझरच्या सहीसाठी. डोंबिवलीचा कारखान्यांचा पट्टा, त्यात चौदा ठिपके. तीन लाल, अकरा हिरवे. एका भिंतीच्या ह्या बाजूला लाल, त्या बाजूला हिरवा. वास काय भिंत बघून थांबतो? कोणीही बघितलं असतं तर कळलं असतं. विश्राम मागे उभा होता, त्याने बघितलं. तिला वाटत होतं, हा काहीतरी बोलू दे, एक शब्द, म्हणजे मी पेन खाली ठेवते. तो बोलला, "मॅडम, मी पाणी भरून आणतो," आणि तिची बाटली घेऊन गेला.

तिने सही केली.

परवा मला फोन करून हे सगळं सांगितलं, आणि शेवटी रडत बोलली, तो तेव्हा बोलला असता तर मी नसती केली गं. मी तिला धड शिवी पण देऊ शकले नाही, धड समजावू पण शकले नाही. सांग ना, तू असतीस त्या खुर्चीत, तर काय केलं असतंस?