जुना भाग परत

देखण्याला अभिनय येत नाही, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. बावीस वर्षं मी त्याची चाहती आहे, आंधळी नाही. देखणा हे नावही आम्ही मैत्रिणींनीच त्याला ठेवलेलं. पडद्यावर तो नेहमी डावी बाजू आमच्याकडे करून उभा राहायचा, कारण गालावरची खळी त्याच बाजूला होती. डावी भुवई उचलायची, खळी पाडायची, की झालं काम. मग गोष्ट खुनाची असो की लग्नाची.

दादाला तो बिलकूल चालायचा नाही. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्याच्या हातांवर आणि माझ्या तोंडावर चालतं, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. तो आत टेबलाशी, मी पुढे काउंटरवर. "तुझ्या देखण्याचे डोळे रडतात आणि तोंडाला त्याचा पत्ताच नसतो," असं म्हणून तो हसायचा, तेही उलटा हात तोंडावर धरून. त्याचा पुढचा एक दात वाकडा आहे आणि साठी जवळ आली तरी त्याची लाज काही गेली नव्हती.

मग दोन वर्षांपूर्वी देखण्याने एका सिनेमात पोस्टमनचं काम केलं. जेमतेम बारा मिनिटांचं. त्यात तो एका दारासमोर पत्र घेऊन उभा राहतो. बातमी वाईट आहे हे त्याला ठाऊक असतं. बेल वाजवावी की नाही हे ठरेना, म्हणून तो पिशवीचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतो. बस, एवढंच. पण मी खुर्चीत सरळ झाले. आपण देखणे आहोत हे तो माणूस तेवढ्यापुरतं साफ विसरला होता. मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी दुकानाच्या कागदावर मी त्याला पत्र लिहिलं. कौतुक केलं आणि कानही उपटले. 'चेहरा तुम्हाला आयता मिळाला. आता काहीतरी कमवा,' असं लिहिलं.

महिन्याभरात उत्तर आलं. त्याला एका घड्याळजीची भूमिका मिळाली होती, आणि आठ दिवस आमच्या दुकानात नुसतं बसायला मिळेल का, असं त्याने विचारलं होतं.

"बसू दे की," दादा म्हणाला. "स्टूल रिकामंच आहे. फक्त तू चक्कर येऊन पडू नकोस."

तो आला तेव्हा मी पडले नाही, पण गिऱ्हाइकाला भलतंच घड्याळ दिलं. डोक्यावर टोपी, अंगात साधा स्वेटर. मला 'ताई' म्हणाला, दादाला 'दादा'. वही नाही, पेन नाही. टेबलाच्या बाजूला बसून दादाकडे बघत राहायचा. पापणीसुद्धा क्वचित लवायची.

पहिल्याच दिवशी त्याने दुकानाचा नियम पाहिला. झिजलेला भाग बाजारात मिळत नसेल तर दादा त्यावरून तसाच नवा घडवतो. मग नवा भाग घड्याळात जातो आणि जुना कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात. वडिलांपासूनची रीत आहे.

"पण झिजलेला परत कशाला द्यायचा?" देखण्याने विचारलं.

"त्यांचा आहे म्हणून," दादा म्हणाला. "निम्मे लोक म्हणतात, मला काय करायचाय, ठेवा तुमच्याकडेच." त्याने फळीवरचा बिस्किटांचा जुना डबा काढून दाखवला. तो असल्या चक्रांनी आणि काट्यांनी अर्धा भरला होता. देखण्याने डबा कानाशी नेऊन हलवला आणि बराच वेळ ऐकत राहिला.

दादाची एक लकब होती. घड्याळ उघडण्याआधी तो ते कानाशी धरायचा, डोळे मिटायचा, खालचा ओठ एका बाजूला ओढायचा, आणि मग म्हणायचा, "हं, इथं दुखतंय तर." तिसऱ्या दिवशी देखण्याने अगदी तस्सं करून दाखवलं. ओठसुद्धा. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. पाचव्या दिवशी त्याच्या चपला दादाच्या चपलांसारख्या घासत चालायला लागल्या. त्याच दुपारी दादाने एक घड्याळ कानाशी नेलं आणि तो तसाच थांबला, एखाद्या खोलीत जावं आणि कशाला आलो तेच आठवू नये, तसा. मला वाटलं, वय झालं. वाईट वाटलं, पण खरं सांगते, माझं लक्ष देखण्याकडे होतं.

सातव्या दिवशी दादा आत जेवायला गेला असताना देखण्याने मला हळूच विचारलं, "ताई, दादांचं अजून काही राहिलंय का? मला दिसलं नसेल असं?"

इथे मी माती खाल्ली. मला कोणी काही विचारत नाही, आणि हा विचारत होता. मी सगळं सांगून टाकलं. दादा मला एकांतात 'चिमटे' म्हणतो, कारण लहानपणी मी त्याला फार चिमटे काढायचे. वडील गेले त्या दिवशी तो रडला नाही असं सगळे म्हणतात, पण तो दुकानात भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि भिंतीवरच्या घड्याळाचा आधीच घट्ट असलेला स्क्रू पिळत होता, तासभर. तो असाच रडतो, हे फक्त मला माहीत आहे. देखण्याने मान हलवली. "पुरे," म्हणाला.

आठव्या दिवशी देखण्याला निरोप देताना दादा मोकळा हसला. हात तोंडावर गेला नाही. चला, लाज गेली एकदाची, असं मला वाटलं.

त्यानंतर गिऱ्हाइकं म्हणू लागली, "दादा, काय रूप खुललंय हो तुमचं!" आणि ते खोटं नव्हतं. कपाळावरच्या आठ्या पुसल्या गेल्या होत्या. दादा आता उजेड पडेल तिथे उभा राहायचा. घड्याळ कानाशी धरायचा, पण हनुवटी वर करून, फोटो काढून घ्यावा तसा. मग गोड आवाजात म्हणायचा, "बंद आहे." पुढे काहीच नाही. उघडलेली घड्याळं टेबलावर पडून राहिली. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि तब्येत ठणठणीत असल्याचं सांगितलं. मला तो 'ताई' म्हणायला लागला. त्याच्यापेक्षा मी अकरा वर्षांनी लहान आहे.

सिनेमा लागला तेव्हा मी दुपारच्या खेळाला एकटी गेले. काय सांगू! बावीस वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर होतं. देखणा पूर्ण मिनिटभर आमच्याकडे पाठ करून उभा राहतो, भिंतीकडे तोंड, हातात स्क्रू ड्रायव्हर, आणि ती पाठ रडते. थिएटरभर हुंदके होते. इतकं मोठं काम मी कुणाचं पाहिलेलं नाही, हे आजही म्हणेन. मग तो वळला. उलटा हात तोंडावर नेला, ओशाळं हसला, आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "चिमटे, चहा टाकतेस?"

सिनेमात त्याला बहीण नव्हती. शेजारच्या बाईला मी विचारलं, आत्ता तो काय म्हणाला? ती म्हणाली, "कुठे काय? गप्प तर उभा आहे."

मी घरी धावले. दादा दारात उभा होता. त्याच्या डाव्या गालावर खळी पडली होती. आमच्या घराण्यात कुणाला खळी नाही.

त्याच दिवशी मी पत्र लिहिलं. 'काम फार मोठं झालंय, तुम्हाला तोड नाही. पण दुकानाचा नियम तुम्हाला माहीत आहे. ज्यावरून घडवलंत ते परत करा.' हात जोडून लिहिलं. माझ्याजवळ तो एकच माणूस आहे, असंही लिहिलं.

दहा दिवसांनी पाकीट आलं. आत कागदाची पुडी होती, दादा बांधायचा तशीच, कोपरे आत दुमडलेली. उघडली तर रिकामी. कागदावर मात्र लिहिलेलं होतं, आणि अक्षर दादाचं होतं, ते मागे झुकलेलं, लपेटीचं.

'नियम आठवतो. झिजलेला भाग गिऱ्हाइकाचा. माझा तुमच्याकडेच राहिला आहे. मला काय करायचाय, ठेवा तुमच्याकडेच.'

मी ते दादाला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याचे दोन्ही खांदे धरून हलवलं. "मला हाक मार," मी ओरडले. "एकदा तरी नीट हाक मार, दादा!"

त्याने डावी बाजू माझ्याकडे केली. भुवई उचलली. "काय झालं, ताई?" म्हणाला, आणि ती खळी पडली.

आणि माझ्या काळजाचा ठोका चुकला. बावीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा चुकला होता ना, अगदी तसाच. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिथेच स्टुलावर बसून ढसाढसा रडले.

माझं बघून त्याचेही डोळे भरले. पाणी गालावरून खळीपर्यंत आलं आणि तिथून खाली गेलं. तोंडाला त्याचा पत्ताच नव्हता.