उसवलेला काठ

मित्रांनो, मी एक जुना हातमाग आहे. माझ्यावर चालणारे हात आता या घरात नाहीत, म्हणून माझी हकिकत मलाच सांगावी लागते आहे. ती मी जन्मापासून नाही, एका रविवारपासून सांगतो.

त्या रविवारी सगळं नेहमीसारखं होतं. मालकीण माझ्यापुढे बसून धोटा फेकत होती. तिची लेक शहराच्या दुसऱ्या टोकाहून दोन बस बदलून आली होती.

"आलीस? चहा टाक. आणि साखर बेताने घाल. मागच्या वेळी पाक केला होतास."

"म्हणजे जिभेला काही झालेलं नाही तुझ्या."

"जीभच तेवढी राहिली आहे. गुडघे कधीच गेले. बस इथे, आपल्या काठाची सातवी ओळ दाखवते. सहा तुला येतात."

"लहानपणी येत होत्या, आई. पुढच्या रविवारी बसते, नक्की."

"बरं," मालकीण म्हणाली आणि धागा ओढला. गुरुवारी दुपारी भांडी घासता घासता ती खाली बसली, ती उठली नाही.

मला मालकिणीच्या सासऱ्यांनी घडवलं. ते सुतार नव्हते. माझा एक पाय आखूड राहिला, त्याखाली अजूनही चपटा दगड आहे. आमची माणसं या शहराच्या आधीपासून इथे राहतात. शहर वाढत वाढत आमच्याभोवती आलं आणि आमची वस्ती झाली. वस्तीत चाळीस घरं, आणि प्रत्येक घराचा कापडाचा काठ वेगळा. बाळाचं पहिलं दुपटं, मुलांच्या सदऱ्याची बाही, म्हाताऱ्यांच्या खांद्यावरचं वस्त्र, आणि शेवटी अंगावर घालायची चादर, सगळ्याला घरचा काठ. तो कुठल्याही वहीत लिहिलेला नसे. आमच्या भाषेत धागे मोजत, एकेक ओळ गुणगुणत विणायचा. मालकिणीला चाळीसही काठ तोंडपाठ होते.

एकदा एक म्हातारा स्वतःचं नावगाव विसरून बसस्टँडवर दिवसभर बसून राहिला. आमच्यातल्या एका भाजीवालीने त्याच्या खांद्यावरचा, माझ्यावरच विणलेला काठ पाहिला, टोपली शेजारणीला सांभाळायला दिली आणि त्याला थेट त्याच्या सुनेपुढे नेऊन उभं केलं. त्या दिवशी वस्तीतल्या बायका मला बघायला आल्या. कोणी माझ्या फणीवरून हात फिरवला. मी काय, लाकूडच; पण मला फार बरं वाटलं.

आता मला जे सांगायचं आहे ते जड आहे.

लेक नऊ वर्षांची होती. शाळेच्या सदऱ्याच्या बाहीला मालकिणीने काठ लावून दिला होता. वर्गातल्या मुली तिला 'झालर' म्हणू लागल्या. एका दुपारी ती माझ्यामागे येऊन बसली, कात्रीने एकेक टाका कापला आणि काठ चुलीत घातला. संध्याकाळी आईला म्हणाली, "बाईंनी उसवला. म्हणाल्या, हे असलं शाळेत चालणार नाही."

मालकीण शाळेत भांडायला गेली नाही. भांडण शाळेच्या भाषेत करावं लागलं असतं, आणि ती तिला तेव्हा येत नव्हती. तिने फक्त शेजारच्या घरांत सांगितलं. आपल्या पोरांना त्रास नको म्हणून घराघरांतल्या आयांनी बाह्यांचे काठ काढून टाकले. महिन्याभरात शाळेत जाणाऱ्या एकाही सदऱ्याला काठ उरला नाही. मग मोठ्यांनीही सोडला. काठ गेला तसं गुणगुणणं गेलं, आणि पोरं घरातसुद्धा शाळेच्या भाषेत बोलू लागली; लेकीशी बोलता बोलता मालकीणही ती शिकली. माझ्यावर वर्षातून दोन-तीन चादरी तेवढ्या निघत. बाकीचे दिवस माझ्यावर ओले टॉवेल वाळत.

मागच्या वर्षी वस्तीतला एक ड्रायव्हर कामावर असताना गेला. दोन दिवस तो इस्पितळात बेवारस म्हणून पडून होता. खालच्याच मजल्यावर धुलाईच्या कामाला आमच्या तीन बायका होत्या. त्याचे कपडे त्यांच्याच हातून धुवून निघाले. कळणार कशावरून?

त्या बायका इथे येऊन खूप रडल्या. लेकही तेव्हा घरात होती. ती माझ्यावरचे टॉवेल काढून घड्या घालत राहिली.

मालकीण गेली तेव्हा पेटीत तिच्यासाठी चादर होती, पण बिनकाठाची. दुसऱ्यांचे काठ विणता विणता तिचा स्वतःचा राहून गेला होता. शुक्रवारी सकाळी लेक माझ्यापुढे बसली. दुपारच्या आत अरुंद पट्टी विणून चादरीला जोडायची होती. मालकीण शेजारच्या खोलीत होती, दार उघडं होतं.

पहिल्या दोन ओळी लेकीच्या आत्याला आठवल्या. "मागावर बसायचा मला कंटाळा होता, पण कानावर पडलं ते पडलं," ती म्हणाली. भिंतीपलीकडच्या शेजारणीने तिसरी म्हटली, कोणी चौथी. पाचवी-सहावी लेकीच्या तोंडून आपोआप आली; तिची तीच दचकली. सातवीपाशी सगळ्या थांबल्या. ती फक्त मालकिणीकडे होती.

मित्रांनो, मी धूळ खात पडलो याचं मला दुःख नाही. लाकूड पुसता येतं. पण तुमच्या घरात कोणी असं काही जाणत असेल, जे इतर कुणालाच येत नाही, तर आजच त्यांच्याजवळ जाऊन बसा. तुम्हाला त्याची लाज वाटत असेल तर सगळ्यांच्या आधी बसा. आपण कोण आहोत हे ज्यांना एकमेकांकडे बघून कळतं, ती माणसं आजारपणात, मरणात एकटी पडत नाहीत. हे मी चाळीस घरांत पाहिलं आहे, आणि ते संपतानाही पाहिलं आहे.

"त्या शाळेतल्या बाईचं भलं झालं नसेल," आत्या डोळे पुसत म्हणाली. "एका पोरीची बाही उसवली तिने, आणि आमच्या सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लावलं."

लेकीचा हात धोट्यावर थांबला. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि मालकिणीच्या उशाशी जमिनीवर बसली. बायका दारात उभ्या राहिल्या. शाळेत असतानाच जी आमची भाषा तिने बोलायची सोडली होती, त्या भाषेत, एकेक शब्द शोधत, सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली,

"आई, बाईंनी काही केलं नव्हतं. काठ मी उसवला होता."